शून्य पॉइंट सहा

शनिवारी सव्वासहाला घर काळं झालं.
सौनाची शेगडी तापत होती, मी कॉफी लावलेली,
आणि गोठ्यात (गाय नाही तिथं एकोणीस वर्षं)
इल्पोची मोहरीच्या रंगाची डॅटसन
त्यानं हातानं बनवलेल्या चार्जरला तोंड लावून
पीत होती.

बाहेर उणे तेवीस. तळं दगड झालेलं.
मी मेणबत्ती धरली. त्यानं चिनीमातीचा फ्यूज काढला,
वीस अँपिअरचा, आणि कानाशी हलवून पाहिला,
अंडं हलवून पाहावं तसा.
"पण मी फक्त बावीसशे वॅट घेतोय,"
तो फ्यूजला म्हणाला.

बत्तीस वर्षं मी डेअरीत दुधाचे हिशेब लिहिले.
गाडीतल्या बॅटऱ्याही तिथल्याच, जुन्या फोर्कलिफ्टच्या;
ज्या वसंतात मला निरोप दिला
त्याच वसंतात त्यांनाही भंगारात काढलं.
म्हणून मी हिशेबाचंच विचारलं:
घेतोस किती, आणि लागी लागतं किती?

जळणाच्या वर्तमानपत्रावर त्यानं पेन्सिलनं टेकडी काढली.
दाब असा चढतो, असा उतरतो,
सेकंदाला पन्नास वेळा.
शेगडी साधी बाई. चढाला चढते, उताराला उतरते.
माझा चार्जर तोंड मिटून बसतो,
आणि लाट माथ्यावर आली रे आली
की एका घोटात सगळं.
टेकडीच्या माथ्याखाली त्यानं एक खिळा काढला.
दरीत दुसरा, उलटा.
काम बावीसशेचं,
पण तारेतून जातात सोळा अँपिअर.
पॉवर फॅक्टर शून्य पॉइंट सहा.

"मग मीटर?"
"मीटर कामाचेच पैसे घेतो."
"आणि वरच्याचे कोण भरतं?"

बराच वेळ मेणबत्तीच बोलत राहिली.
"तार," तो म्हणाला.

मी बोर्डामागे हात नेला.
वीज जाऊन दहा मिनिटं झाली होती
तरी तार कोमट, ताप उतरत्या पोराच्या कपाळासारखी.
ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात.
बिलात तिचं नाव कधी आलं नव्हतं.

फेब्रुवारीभर जेवणाच्या टेबलावर तांबं.
तोल्वानेनच्या लाकूडगिरणीतला जळका ट्रान्सफॉर्मर उसवून
इल्पो चोक गुंडाळत बसला.
मोठ्यानं मोजायचा. मध्ये बोलायचं नाही.
औलूहून साइमीचा फोन आला, त्यानं बोट वर केलं,
एकशे अकरा, एकशे बारा,
आणि तेवढ्यात लेक म्हणाली, बाबा, मी नोकरी सोडली.
सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून.
दुसऱ्या खेपेला मी कॅलेंडरवर रेघा ओढल्या,
पाच-पाचच्या जुड्या, दुधाच्या कॅनसारख्या.
एकशे चाळीस भरले तेव्हा मार्च लागला होता
आणि फोनवरचं बोलणं अजून व्हायचंच होतं.

शाळेच्या वर्कशॉपमधून आणलेल्या ऑसिलोस्कोपवर
हिरवी रेघ उमटली.
खिळा गेला होता.
टेकडी नव्हे, पण एक बसका, रुंद उंचवटा,
बर्फाखाली लाकडाची थप्पी दिसते तसा.
शून्य पॉइंट अठ्ठ्याहत्तर. सोळाचे सव्वाबारा.
चोक गुणगुणत होता, डेअरीतल्या शीतयंत्राच्याच सुरात;
मी काही बोलले नाही.

आता त्याला अजून एक सर्किट करायचंय,
नव्व्याण्णवपर्यंत जातं म्हणतो.
कर म्हटलं, पण आधी साइमीला फोन.
तो उठला. माथ्याची वाट न पाहता उठला,
हे मी टिपून ठेवलं.

जळका फ्यूज माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.
शनिवारी शेगडी तापते, गोठ्यात डॅटसन सावकाश पिते.
जाता-येता मी बोर्डामागे हात नेते,
तारेला हात लावते.
कॉफी मात्र
अजून त्याला विचारूनच लावते.